माणसाचा टंच

हावडा स्थानकातून बाहेर पडून हुगळीवरचा पूल ओलांडला की माणूस थेट बडाबाजारात शिरतो. १९४३ साली खुला झालेला हा पूल कोलकात्यात पोट भरायला आलेल्या कितीतरी पिढ्यांचा उंबरठा ठरला. पुलापलीकडच्या गर्दीत बिहार, ओडिशा, राजस्थान, उत्तर प्रदेश अशी सगळी गावं आपापल्या बोलीत बोलत असतात. त्याच गर्दीत, सोनापट्टीच्या अरुंद गल्ल्यांत आणि तिथून फार लांब नसलेल्या बहूबाजाराच्या सराफीत, माणदेशी वळणाची मराठीही ऐकू येते. ती असते गलाईवाल्यांची. जुने दागिने वितळवून, त्यातलं हीण काढून सोनं-चांदी शुद्ध करून देणं हा त्यांचा धंदा. त्यांची गावं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, कडेगाव या तालुक्यांत आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माण-खटाव भागात आहेत. घरापासून जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर, जिथली भाषा येत नाही, लिपी वाचता येत नाही आणि जिथे आपल्या राज्याचा शब्द चालत नाही, तिथे शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं एखादं पोरगं कामाला लागतं. आणि लागतं ते अशा ठिकाणी, जिथे दिवसभर त्याच्या हातात दुसऱ्याचं सोनं असतं. हे कसं घडतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. दूरच्या मुलखात नोकरी शोधणं म्हणजे नेमकं काय शोधणं, हे त्याच्या उत्तरातून कळतं.

हे तालुके पर्जन्यछायेत येतात. सह्याद्रीवर आणि कृष्णाकाठी पाऊस पडतो. तिथून पूर्वेकडे जावं तसा तो आटत जातो आणि आटपाडीपर्यंत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरचा आकडा गाठणंही अवघड होतं. कोरडवाहू ज्वारी-बाजरी, मेंढरं आणि दर काही वर्षांनी दुष्काळ, असं इथलं जुनं अर्थकारण. घरातला एक हात शेतात ठेवायचा आणि दुसरा बाहेर पाठवायचा, हा इथल्या घरांचा शहाणपणा होता. बाहेर गेलेल्या हातांना गलाईची वाट सापडली. एका शहरात जम बसला की तिथे तयार झालेला पोरगा पुढच्या शहरात दुकान थाटायचा, मग त्याच्या हाताखालचा तिसऱ्या शहरात. असं करत खानापूर तालुक्यातल्या विट्याच्या परिसरातली माणसं देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली. यातले बहुतेक जन्माने सोनार नव्हेत, शेतकऱ्याची मुलं आहेत. धंदा वाडवडिलांकडून मिळालेला नव्हता, भांडवल तुटपुंजं होतं, शिक्षण जेमतेम होतं. तरी त्यांना काम मिळालं, आणि मिळालं तेही कुठलीही जाहिरात न वाचता, कुठलाही अर्ज न भरता.

नोकरी शोधण्याचं जे चित्र आपण मुलांना शाळेत आणि घरात दाखवतो, त्यात पात्रता असते, जाहिरात असते, अर्ज आणि मुलाखत असते. कौशल्य कमवा, काम मिळेल, असं ते चित्र सांगतं. आपल्याच भागात नोकरी शोधणाऱ्याला ते काही अंशी लागू पडतं, कारण त्याच्या पाठीशी न बोलता बरंच काही उभं असतं. शाळेचं नाव मालकाला ठाऊक असतं, आडनाव ओळखीचं असतं, पत्ता पडताळून पाहता येतो. दूर गेलेल्या माणसाचं हे सगळं गळून पडतं. कोलकात्यातल्या सराफाला विट्याची शाळा माहीत नसते आणि लेंगऱ्यासारख्या खेड्यातलं घर दिसत नसतं. म्हणून परप्रांतात नोकरी शोधणारा खरं तर आपली पत शोधत असतो. मी कोण आहे, माझ्यावर विसंबता येईल का, याचा दाखला तिथे कोण देणार, हाच त्याचा प्रश्न. काम त्या दाखल्याच्या मागोमाग येतं. आजवर हा दाखला गावाने आणि नात्याने दिला. ती त्यांची थोरवी आहे. पण ज्यांच्या गावाला किंवा नात्याला असा दाखला देता येत नाही, ते बाहेरच राहिले. तो दाखला सार्वजनिक संस्थांनी द्यायला हवा आणि तो कामगाराच्या हातात असायला हवा, हे मला सांगायचं आहे.

त्यासाठी आधी गलाईचं काम समजून घ्यायला हवं. मोडीत आलेला दागिना मुशीत घालून टाकणखारासोबत वितळवतात. सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं. मग त्यातलं सोनं साधारण चौथा हिस्सा उरेल इतकी चांदी मिसळतात, कारण सोन्याचं प्रमाण जास्त राहिलं तर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आतपर्यंत पोहोचत नाही. तेजाबात उकळल्यावर चांदी आणि तांबं विरघळतं, तपकिरी वाफा उठतात आणि तळाशी विटकरी रंगाची भुकटी उरते. तेच शुद्ध सोनं. ते धुऊन, वाळवून, पुन्हा वितळवून त्याची लगड ओततात. तेजाबात उतरलेली चांदी तांब्याचे पत्रे घालून परत मिळवतात. या सगळ्या खटाटोपात दागिना मुशीत गेला की त्याची ओळख संपते. नथ कुणाची, पाटली कुणाची, हे वितळलेलं सोनं सांगत नाही. शंभर ग्रॅममागे एक टक्क्याची गफलत म्हणजे एक ग्रॅम सोनं, आणि ती गफलत मुशीत झाली, तेजाबात झाली की कुणाच्या मुठीत गेली, हे नंतर सिद्ध करणं फार कठीण. झारेकरी सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात. इतकं या धंद्यात धुळीलाही मोल आहे. अशा ठिकाणी हात कामात किती सफाईदार आहे, याच्या आधी तो हात कुणाचा आहे, हे पाहिलं जातं. कौशल्य दोन-चार वर्षांत शिकवता येतं. इमान आधीपासून माहीत असावं लागतं.

इमान माहीत असण्याचा गावाकडे एकच मार्ग होता: माणूस ओळखीचा असणं. कोलकात्यातला गलाईवाला गावाकडून पोरगा बोलावतो तेव्हा त्याला त्याचा बाप ठाऊक असतो, शेत ठाऊक असतं, कुणाच्या घरात सोयरीक झाली आहे तेही ठाऊक असतं. मुलाने काही वेडंवाकडं केलं तर त्याची झळ गावातल्या घराला लागणार, हे दोघांनाही न सांगता कळतं. बँक घर गहाण ठेवून घेते, तसं इथे घराण्याचं नाव तारण असतं. मुलालाही याच साखळीतून तीन गोष्टी मिळतात. पहिली माहिती: कुठल्या शहरात, कुणाकडे, किती पगारावर जागा आहे. दुसरा निवारा: पोहोचल्या रात्री पथारी टाकायला जागा, कळेल अशा भाषेतलं बोलणं आणि ओळखीच्या चवीची भाकरी. तिसरी हमी: सराफाने विचारलं, ‘हा कोण?’ तर ‘आमचाच’ असं सांगणारा कुणीतरी. शहर शिकवणंही साखळीच करते. आपल्याकडचा तोळा तिथे भरी होतो, ११.६६४ ग्रॅमची. आपण ज्याला हीण म्हणतो त्याला बंगाली माणूस खाद म्हणतो, आणि बावीस कॅरटचं सोनं तिथे गिनी सोना म्हणून मागितलं जातं. हे शब्द कुठल्याही अभ्यासक्रमात नाहीत. ते गल्ल्यावर उभं राहून, चुका करत, आपल्या माणसाच्या नजरेखाली शिकले जातात.

समाजशास्त्रात या विषयावर एक गाजलेला सिद्धांत आहे आणि तो वरकरणी याच्या उलट सांगतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली मांडलं की नोकरी मिळवून देण्यात जवळच्या नात्यांपेक्षा दूरच्या, सैल ओळखी जास्त उपयोगी पडतात. जवळच्या माणसांना आपल्यालाच माहीत असलेल्या गोष्टी माहीत असतात. नवी बातमी दूरच्या माणसाकडून येते. ते बॉस्टनजवळच्या एका उपनगरातल्या व्यावसायिक आणि तांत्रिक नोकरदारांचा अभ्यास करत होते आणि त्या वर्गापुरतं ते बरोबरच होतं. त्या माणसांपाशी पदव्या होत्या आणि त्यांची पत संस्थांनी आधीच ठरवलेली होती. त्यांना हवी होती फक्त बातमी. गलाईच्या पोराला बातमी पुरत नाही, त्याला जामीन हवा असतो, आणि सैल ओळखीचा माणूस बातमी देईल, जामीन राहणार नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की एक नियम हाती येतो. समाजात विश्वास देणाऱ्या संस्था जितक्या भक्कम, तितकी नोकरी शोधणाऱ्याची घट्ट नात्यांवरची भिस्त कमी. संस्था जितक्या दुबळ्या, तितका माणूस जात, गाव आणि भावकीला घट्ट धरून राहतो. जातीला धरून राहणाऱ्याला मागासलेला म्हणण्याआधी त्याला दुसरं काय धरता आलं असतं, हे विचारायला हवं.

हा नियम फक्त मराठी माणसाला लागू नाही, याचा पुरावा कोलकात्याहून मुंबईकडे निघालेल्या उलट्या प्रवाहात मिळतो. मुंबईच्या झवेरी बाजारात आणि काळबादेवीत दागिने घडवणाऱ्या कारागिरांत बंगाली कारागिरांची संख्या मोठी आहे. हावडा, हुगळी आणि मेदिनीपूर हे त्यांचे जिल्हे. पश्चिम मेदिनीपूरमधला घाटाल-दासपूरचा भाग तर सोन्याच्या कारागिरांसाठीच ओळखला जातो. हाच घाटाल शिलावती नदीच्या पुरासाठीही ओळखला जातो. जवळपास दर पावसाळ्यात तिथली गावं पाण्याखाली जातात आणि पूर रोखण्याच्या योजनेची चर्चा काही दशकं चालली. खानापूर-आटपाडीतून माणूस पाणी नाही म्हणून निघाला, घाटालमधून पाणी फार झालं म्हणून. एक सोनं शुद्ध करायला कोलकात्याला गेला, दुसरा सोनं घडवायला मुंबईला आला. दोघांनी एकमेकांची भाषा शिकली नाही, एकमेकांचं गाव पाहिलं नाही. पण नोकरी शोधण्याची पद्धत दोघांची तंतोतंत एकच: आधी गेलेला काका किंवा मामा, एका खोलीत दहा जण, ‘ओस्ताद’ किंवा शेठच्या हाताखाली काही वर्षं, आणि मग आपल्या गावाहून पुढची खेप. इतक्या वेगळ्या संस्कृतींतून एकच पद्धत जन्मते तेव्हा तिचं कारण संस्कृतीत शोधणं चुकीचं ठरतं. दोन्ही ठिकाणी अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्याची दुसरी कुठलीही सोय नव्हती, हे खरं कारण.

कोलकात्यात मराठी माणसाला आणखी एक ओझं वाहावं लागलं. १७४२ पासून जवळपास दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. ‘बारगीर’ या शब्दावरून आलेला ‘बर्गी’ हा शब्द बंगाली आयांनी मुलांना झोपवताना वापरला आणि त्या भीतीपोटी शहराभोवती खणलेल्या खंदकाची आठवण बागबाजारातल्या ‘मराठा डिच लेन’ या नावात अजून टिकून आहे. अशा शहरात मराठी माणसाची पत शून्यापासून नव्हे, उणेपासून सुरू व्हायची. तरीही एका मराठी माणसाने इथे भाषेच्या जोरावर जागा मिळवली. सखाराम गणेश देउस्कर १८६९ साली देवघरजवळ जन्मले, बंगाली शिकले, कोलकात्यात ‘हितवादी’ या पत्रात मुद्रितशोधक म्हणून लागले आणि संपादकपदापर्यंत पोहोचले. ब्रिटिश राजवटीत झालेल्या लुटीचा हिशेब मांडणारा त्यांचा ‘देशेर कथा’ हा बंगाली ग्रंथ १९०४ साली आला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. नात्याच्या साखळीशिवायही परका माणूस आपला होऊ शकतो, हे त्यांनी दाखवलं. पण त्यांच्या उदाहरणावरून ‘शिका म्हणजे झालं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. ते त्या मुलखातच वाढले होते, आणि छापलेलं पान हाच त्यांच्या पात्रतेचा उघड पुरावा होता. लेखकाचं काम सर्वांसमोर असतं, मुशीपाशी उभ्या असलेल्या पोराचं तसं नसतं. पुढे नोकरीनिमित्त कोलकात्यात आलेल्या सुशिक्षित मराठी मध्यमवर्गालाही आधाराची गरज भासलीच. हाजरा रोडवरचं महाराष्ट्र निवास ही त्या गरजेची वास्तू आहे. पदवी असलेल्यालाही पहिल्या दिवसांत आपल्या माणसांचं छप्पर लागतं, मग पदवी नसलेल्याचं काय?

या साखळीचं मोल मान्य करून तिची किंमतही मोजली पाहिजे. ती आपल्यांना आत घेते, याचाच अर्थ ती इतरांना बाहेर ठेवते. ज्या गावातून आधी कुणी गेलं नाही, त्या गावातल्या तितक्याच होतकरू पोराला तिच्यात शिरकाव नाही. ज्याच्या बापाकडे शेत नाही, त्याच्या नावाचं तारण हलकं धरलं जातं. बायका या साखळीत कामगार म्हणून जवळजवळ नाहीतच. त्या जातात त्या संसार मांडायला. ती ज्यांना आत घेते त्यांनाही ठरावीक वाटेवरच चालवते. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी मुंबईत दादरच्या शाळांमधल्या विद्यार्थ्यांचा दोन दशकांचा मागोवा घेऊन २००६ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या जातींच्या पुरुषांचं कामगार-जाळं भक्कम होतं, त्या घरांतले मुलगे जुन्याच कामांकडे वळत राहिले आणि मराठी माध्यमात राहिले. त्याच घरांतल्या मुलींना जाळ्याचा आधार नव्हता, म्हणून बदलत्या काळात त्या इंग्रजी माध्यमाकडे वेगाने वळल्या. ज्याने तारलं, त्यानेच बांधून ठेवलं. गलाईतही बारावीनंतर काय करायचं, याचं उत्तर कित्येक घरांत मुलाने विचार करण्याआधीच तयार असतं. शिवाय मालक हाच नातलग असला की पगार वेळेवर मागणं, तेजाबाच्या वाफांनी छाती भरते म्हणून पंखा आणि धुराडं मागणं, सुट्टी मागणं हे सगळं उद्धटपणात मोडतं. तक्रार करायची तर ती मालकाविरुद्ध राहत नाही, काकाविरुद्ध होते.

आणि साखळी तुटते तेव्हा माणूस एका क्षणात निराधार होतो, कारण त्याच्या कामाची कुठेच नोंद नसते. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मेट्रोच्या बोगद्याचं काम चालू असताना बहूबाजारातल्या दुर्गा पिथुरी लेन आणि स्याकरापाडा लेन भागातल्या घरांना तडे गेले, काही घरं कोसळली आणि रहिवाशांना तातडीने बाहेर पडावं लागलं. स्याकरा म्हणजे सोनार. ही गल्ली नावानेच सोनारांची. अशा वेळी घरमालकापाशी कागद असतो, दुकानदारापाशी परवाना असतो, पण माडीवरच्या खोलीत बसून काम करणारा कारागीर ‘मी इथे काम करत होतो’ हे कशाच्या आधारे सांगणार? मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि हाच प्रश्न साऱ्या देशापुढे उभा राहिला. १ मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या आणि त्यांतून सुमारे ६३ लाख माणसं गावी परतली. परतीच्या वाटेवर किती जण मेले, याची नोंद आपल्याकडे नाही, असं केंद्र सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितलं. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने दर वर्षी सरासरी सुमारे ९० लाख माणसं राज्याची सीमा ओलांडतात, असा अंदाज रेल्वे-प्रवासाच्या आकड्यांवरून बांधला होता. कोण कुठे कामाला आहे, हे तिकिटांवरून ताडावं लागतं, यातच सगळं आलं.

कायदे नाहीत असं नाही; ते या माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. रिकाम्या जागा रोजगार विनिमय केंद्राला कळवण्याचं बंधन घालणारा १९५९ चा कायदा खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा ठेकेदारामार्फत आणलेल्या कामगाराला धरूनच बेतलेला होता. काकाने बोलावलेला पुतण्या त्याच्या व्याख्येतच बसत नव्हता. २०२० साली संमत झालेल्या कामगार संहितेने स्वतःहून आलेल्या कामगारालाही व्याख्येत घेतलं, पण तिथेही दहा किंवा अधिक स्थलांतरित कामगारांची अट आली. गलाईच्या दुकानात दहा माणसं क्वचितच असतात. म्हणजे जिथे नात्यावर सर्वांत जास्त भार आहे, तिथेच कायद्याचं अंग सर्वांत तोकडं पडतं.

याच धंद्यात गेल्या पाव शतकात घडलेला एक बदल इथे फार शिकवून जातो. सोन्याचा टंच, म्हणजे त्याच्या शुद्धतेचं माप, पूर्वी माणसाच्या शब्दावर चालायचा. कसोटीवरची रेघ पाहून अनुभवी नजर सांगायची आणि गिऱ्हाईक मानायचं. २००० साली भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्कची योजना आणली. जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या स्वतंत्र क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. क्ष-किरणांचं यंत्र मिनिटाभरात टंच सांगतं. आता सांगलीत घेतलेली पाटली कोलकात्यातल्या सराफापुढे ठेवली तर विकणारा कोण, कुठल्या गावचा, हे विचारायची गरज उरत नाही. विश्वास ओळखीच्या माणसाकडून संस्थेकडे गेला आणि म्हणून तो कुठेही नेता येण्याजोगा झाला. धातूला देशभर चालणारी पत मिळाली. तो धातू शुद्ध करणाऱ्या माणसाला मात्र ती मिळाली नाही. वीस वर्षं इमानाने भट्टीपाशी उभा राहिलेला कामगार दुसऱ्या शहरात गेला तर पुन्हा ‘कुणाचा?’ या प्रश्नापासूनच सुरुवात करतो.

माणसाचा टंच काढायचा म्हणजे काय, हे नेमकं सांगायला हवं, कारण कल्पना मोघम राहिली तर धोकादायक ठरेल. साखळी जे तीन आधार देते, तेच सार्वजनिक रूपात उभे करायचे आहेत. माहितीसाठी छोट्या दुकानांच्या जागाही दिसतील असं तालुक्याच्या ठिकाणचं केंद्र, जे विट्याच्या मुलाला कोलकात्याचा पगार, भाडं आणि कामातले धोके त्याच्या भाषेत सांगेल. निवाऱ्यासाठी पहिल्या काही महिन्यांपुरतं माफक भाड्याचं वसतिगृह. हमीसाठी कामाची नोंदवही: कुठे, किती काळ, किती पगारावर काम केलं, कुठलं कौशल्य आलं, याची दोन्ही बाजूंनी मान्य केलेली नोंद. यातलं बरंच देशात कुठे ना कुठे घडलं आहे. केरळने पलक्कड जिल्ह्यातल्या कांजिकोड इथे परप्रांतीय कामगारांसाठी ‘अपना घर’ हे वसतिगृह उभारलं, ‘आवाज’ ही विमा योजना आणली आणि ‘चंगाती’ या उपक्रमातून त्यांना मल्याळम शिकवली. उदयपूरच्या आजीविका ब्युरोने स्थलांतरित कामगारांना ओळखपत्रं दिली आणि राजस्थानच्या कामगार विभागाने त्यांना मान्यता दिली. पश्चिम बंगालने २०२३ साली बाहेर जाणाऱ्या आपल्या कामगारांसाठी कल्याण मंडळ नेमलं. हे तुकडे अजून जोडले गेलेले नाहीत. पाठवणारं राज्य आणि घेणारं राज्य यांत करार हवा. महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल यांच्यात तर तो सहज शक्य आहे, कारण दोघंही एकमेकांकडे आपली माणसं पाठवतात.

यावरचा पहिला आक्षेप असा की माणसाला घर सोडावंच का लागावं? गावात पाणी आणा, काम आणा. हा आक्षेप रास्त आहे. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी या तालुक्यांतल्या शिवारांत पोहोचल्यावर तिथली शेती बदलली आणि घाटालच्या पुराचाही बंदोबस्त झालाच पाहिजे. पण राहण्याचा हक्क आणि जाण्याचा हक्क एकमेकांना छेदत नाहीत. पाणी आल्यावर जाणं ही सक्ती उरत नाही, निवड होते. आणि निवड करून जाणाऱ्यालाही पत लागतेच. दुसरा आक्षेप भूमिपुत्रांचा: परक्याला सोयी दिल्या तर स्थानिकाच्या तोंडचा घास जाईल. राज्यघटनेचा १९ वा अनुच्छेद नागरिकाला देशात कुठेही वस्ती करण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क देतो. खासगी क्षेत्रात स्थानिकांना ७५ टक्के जागा राखणारा हरियाणाचा कायदा पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली रद्द केला, तेव्हा याच हक्काचा आधार होता. मुंबईत बंगाली कारागिराकडे बोट दाखवणाऱ्याने कोलकात्यातल्या आपल्या गलाईवाल्याकडे पाहावं. स्थानिकाचं खरं नुकसान परक्याच्या येण्याने होत नाही, तो बिननोंदीचा आणि म्हणून स्वस्त मिळण्याने होतं. नोंद झालेला, कायद्याने राखलेला कामगार कमी पैशांत राबवता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. इमान कागदावर उतरवता येतं का? आणि उतरवलं, तर तोच कागद कामगाराला काळ्या यादीत टाकायला वापरला जाणार नाही का? इमान मोजता येत नाही, हे खरं. पण हॉलमार्कही सराफाचं मन मोजत नाही. तो फसवणूक पकडता येण्याची सोय करतो आणि तेवढ्याने बाजार बदलतो. म्हणून या नोंदवहीत स्वभावाचा शेरा असता कामा नये. काळ, काम, पगार आणि कौशल्य एवढंच तिच्यात असावं. ती कामगाराच्या मालकीची असावी, त्याच्या संमतीशिवाय कुणाला उघडता येऊ नये, आणि तिच्यात मालकाचीही नोंद असावी: पगार वेळेवर दिला का, वाफा बाहेर काढायची सोय आहे का, तक्रारी किती आल्या. पत दोघांचीही लागते. आज गावाचं जाळं फक्त मुलाची हमी मालकाला देतं. मालकाची हमी मुलाला देणारं कुणी नाही.

याने गावाचं जाळं मोडणार नाही. ते कामासाठी लागेनासं झालं तरी जत्रेला, लग्नाला, आजारपणाला लागणारच, आणि ते हमी देण्याच्या ओझ्यातून सुटलं तर काका पुन्हा नुसता काका होऊ शकेल. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मातीतल्या माणसांनी सरकारची वाट न पाहता, एकमेकांच्या शब्दावर, देशभर पसरेल असा धंदा उभा केला. त्याबद्दलचा आदर हाच या मागणीचा पाया आहे. त्यांनी जे भावकीत करून दाखवलं, ते भावकीबाहेरच्यालाही मिळायला हवं. ज्या गावातून आजवर कुणी गेलं नाही, तिथली एखादी मुलगी उद्या हावड्याच्या पुलापलीकडे उतरेल. तिला ‘कुणाची?’ असं विचारलं जाईल तेव्हा स्वतःच्या कामाचा कागद पुढे करून ‘माझी मीच’ असं तिला सांगता यायला हवं.